दारात कोलम नव्हतं

माघातला गुरुवार होता. दुपारी साडेतीनला मी कोमळवल्लीच्या फाटकापर्यंत गेले, दोन मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. त्या दोन मिनिटांबद्दल मी पुढे तिच्या मुलाशी खोटं बोलले. देवाशी खोटं बोलायची सोय नव्हती, तो बघतच होता.

कोमळा आणि मी पश्चिम मांबलमच्या नाच्चियार गल्लीत एकतीस वर्षं समोरासमोर राहिलो. माझे यजमान गेले, मुलानं तांबरमच्या पुढे फ्लॅट घेतला, मी तिकडे गेले. कोमळा तिथंच राहिली. तिचे यजमान वरदन मामा जाऊन चार वर्षं झाली होती आणि एकुलता मुलगा सौरिराजन मस्कतला होता. कोइंबतूरच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांसाठी वसाहती झाल्या आहेत. तिथं डॉक्टर, जेवण, देऊळ सगळं आवारातच. सौरी दर रविवारी फोनवर तेवढंच बोलायचा. "अम्मा, एकटी राहू नकोस. तिकडे चल."

कोमळाचं उत्तर ठरलेलं. माझ्यासमोर तिनं ते पन्नासदा दिलं असेल.

"अरे बाबा, तिथं घंटी वाजवल्यावर माणूस येणार. इथं घंटी लागतच नाही. एक दिवस माझ्या दारात कोलम दिसलं नाही ना, तर ऊन वर यायच्या आत दहा बायका घरात शिरतील. मामी, काय झालं? मामी, बरं नाही का? मला कशाला हवा तुझा डॉक्टर?"

हे ऐकून मला बरं वाटायचं. मीही फोनमध्ये तोंड घालून ओरडायचे, "सौरी, मी आहे रे इथं! आठवड्यातून तीनदा येते मी."

तिचं कोलम, दारातली ती रांगोळी, होतंही तसंच. पहाटे साडेचारला उठून दारात सडा घालायची आणि तांदळाच्या पिठीचे ठिपके मांडायची. तीन बोटांतून सुटणारी रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. देवळात निघालेली माणसं त्याला वळसा घालून जायची. सायकलवाला दूधवालासुद्धा चाक उचलून घ्यायचा.

पण कोरं दार आमच्यात आणखी एक गोष्ट सांगतं. घरात श्राद्धाची तिथी असली की त्या दिवशी कोलम काढत नाहीत. पितर यायचे असतात. आत सोवळं असतं, स्वयंपाक असतो, शास्त्री असतात. अशा घरी बोलावल्याशिवाय जायचं नाही, बाहेरून हाकही मारायची नाही. हे कोणी शिकवत नाही. आईचा हात धरून रस्त्यानं जाताना कोरं दार दिसलं की आई आपल्याला पलीकडच्या कडेनं नेते, तेवढ्यावर ते अंगात मुरतं. पुढं डोक्याला काम राहत नाही, पायच वळतात.

तर त्या माघात आमच्या भागात दहा दिवस रामायणाची हरिकथा चालू होती. कथेकरी कुंभकोणमचे भागवतर. वय सत्तरीचं, पण आवाज असा की ओवी संपली तरी मांडवाच्या कापडात घुमत राहावी. कथा साडेचारची. मी तांबरमहून यायचे, कोमळाला घ्यायचे, दोघी मिळून चालत मांडवात. सातव्या दिवशी विभीषण रामाकडे येतो ते आख्यान होतं. आदल्या दिवशीच भागवतर म्हणाले होते, "उद्या लवकर या. उद्या दार उघडायचं आहे." त्या एका वाक्यावर मी रात्रभर जागी होते म्हणा ना.

कोमळाच्या दारात कोलम नव्हतं. सडासुद्धा नव्हता. फाटकाला केळीच्या पानात बांधलेला मल्लीचा, मोगऱ्याचा गजरा लटकत होता, सकाळी फुलवाली लावून जाते तो. पान कडेनं सुकलं होतं. फाटकाच्या कडीला हात लावून उभी असताना हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

शेजारच्या गच्चीवर चूडामणी मामी पापड वाळवत होत्या. त्या वरूनच म्हणाल्या, "पट्टू मामी, आज तिथी दिसतेय हो. सकाळपासून दार कोरं आहे."

"होय का? काल मला काही बोलली नाही."

"सौरी रात्रीच्या विमानानं आला असेल. गेल्या वर्षी नाही का असाच आला, श्राद्ध केलं आणि तिसऱ्या दिवशी परत. आम्ही कोणीच गेलो नाही बाई आत. कशाला त्यांच्या सोवळ्यात पाय?"

आतून, मागच्या बाजूनं, पितळेचा आवाज आला. टण्. थोडं थांबून पुन्हा टण्.

"भांडी घासतायत," चूडामणी मामी म्हणाल्या. "जेवणं उरकली वाटतं."

"मग दमली असेल बिचारी," मी म्हटलं. "आज काही ती कथेला यायची नाही. राहू दे. सांगा तिला, पट्टू येऊन गेली, उद्या भेटते म्हणावं."

हे मी चांगल्या मोठ्या आवाजात बोलले. आणि निघाले.

एक मिनिट डोकं चालवलं असतं तरी पुरे होतं. वरदन मामा आषाढात गेले. त्यांना न्यायला निघालो तेव्हा माझ्याच हातात पाण्याची कळशी होती. आषाढातली तिथी माघात कशी येईल? सौरी आला असता तर त्याच्या चपला दारात असत्या, टॅक्सी गल्लीत शिरताना निम्म्या गल्लीनं पाहिली असती. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरी श्राद्ध करणार कोण? यातलं काही मला सुचलं नाही, कारण सुचायला जो वेळ लागतो तो मला पुढच्या रांगेसाठी हवा होता.

रांग मिळाली. दुसरी. भागवतरांनी त्या दिवशी जे केलं ते मी कोणाला सांगू शकत नाही, आणि आता सांगावंसंही वाटत नाही. समुद्राकाठी विभीषण आकाशात थांबलाय, सुग्रीव म्हणतो याला आत घेऊ नका, आणि राम म्हणतो, दाराशी आलेल्याला आधी आत घ्या, मग विचारा. तेवढ्या एका जागेवर त्यांनी पाऊण तास गायलं. एकदा सुग्रीवाच्या संशयानं, एकदा रामाच्या गळ्यानं. मृदंगवाल्यानं वाजवायचं सोडून हात जोडले. मी पदर डोळ्यांना लावून रडत होते आणि शेजारणीला म्हणत होते, "अरेरे, आज कोमळा हवी होती."

कोमळा तेव्हा परसातल्या धुण्याच्या दगडाजवळ पडलेली होती. पहाटे सड्याचं पाणी आणायला गेली, पाय सरकला, खुबा मोडला. साडेचारपासून. सकाळी ओरडून ओरडून घसा बसला. मग हाताशी होता तो तांब्या फरशीवर आपटत राहिली.

तिला पाहिलं ते संध्याकाळी साडेसहाला, अंजलैनं. अंजलै म्हणजे फुलवाली. सकाळचा गजरा फाटकावर तसाच बघून ती टोपली टाकून आत घुसली, मागचं दार खांद्यानं ढकललं.

दुसऱ्या दिवशी चूडामणी मामींचा फोन आला तशी मी धावत इस्पितळात गेले. बाहेर बाकावर गल्लीतल्या चार जणी बसल्या होत्या आणि अंजलै त्यांच्यासमोर उभी राहून बोलत होती. ती बोलते तेव्हा रस्ता ऐकतो.

"तिथी म्हणे! अहो, मुलगा मस्कतला. तिथी कोण करणार होतं, गॅसचा सिलिंडर?"

"अगं हळू, इस्पितळ आहे," चूडामणी मामी म्हणाल्या.

"हळूच बोलत होत्या ना कोमळा मामीसुद्धा, म्हणून तर तुम्हाला ऐकू आलं नाही! तिथीच्या आदल्या दिवशी मामी मला सांगतात, अंजलै, उद्या मल्ली नको, तुळस जास्त आण. बारा वर्षं सांगतात. मला नाही सांगितलं म्हणजे तिथी नाही. तुम्ही शिकलेल्या बायका, पंचांग भिंतीवर टांगता, ते काय माशा हाकायला?"

"आम्हाला काय माहीत गं? सोवळं मोडू नये म्हणून…"

"मोडलं असतं तर पुन्हा आंघोळ केली असती. नळाला पाणी होतं की."

मग अंजलै माझ्याकडे वळली. तिचा आवाज उतरला. "बघा ना पट्टू मामी. काल नेमक्या तुम्ही आला नाहीत. तुम्ही आल्या असत्या तर साडेतीनलाच कळलं असतं."

चूडामणी मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खाली बघू लागल्या, कारण माझं नाव निघालं असतं तर त्यांचंही निघणार होतं. आणि मी म्हटलं, "काल मला ताप होता."

एवढं सोपं असतं ते. तोंडातून निघून जातं आणि मग लोकच ते जपतात. "आता बरं आहे का?" अंजलैनं विचारलं. माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं तिनं.

सौरी आला. शस्त्रक्रिया झाली, वीस दिवसांनी कोमळा घरी आली. लोखंडी चौकट धरून दोन पावलं टाकायची. मी रोज जात होते. तिच्यासाठी रस्सम करायचे, केस विंचरायचे, आणि ती मला काही विचारेल म्हणून घाबरून सारखी बडबडत राहायचे. ती ऐकायची. तिनं कथेचं एकदाही विचारलं नाही. विभीषणाचं काय झालं, पट्टाभिषेकाला भागवतरांनी काय गायलं, काही नाही. ते मला समजायला हवं होतं.

सौरीची रजा संपत आली तसा त्यानं विषय काढला. दुपारची वेळ. तो आईच्या पायाशी बसला होता, मी भाजी निवडत होते.

"अम्मा, आता मी विचारत नाही, सांगतोय. कोइंबतूरला खोली घेतली आहे."

"मी कुठं जात नाही."

"का? इथं दहा बायका धावून येतात म्हणून? आल्या? चौदा तास, अम्मा. वीस घरांची गल्ली. येताजाता सगळ्यांनी दार पाहिलं."

"गैरसमज झाला त्यांचा. माणसं वाईट नाहीत."

"मी कुठं वाईट म्हणतो? चांगली होती म्हणूनच आली नाहीत. वाईट असती तर सोवळं मोडून चोरी करायला तरी आली असती." मग तो माझ्याकडे वळला. "पट्टू मामी, तुम्ही सांगा. तुम्ही त्या दिवशी येणार होतात ना? आल्या असत्या तर तुम्हीही दार बघून परत गेल्या असत्या का?"

माझ्या हातात शेवग्याची शेंग होती. ती मी किती वेळ सोलत होते कोण जाणे. खरं बोलले तर कोमळाचं घर जातं. मुलाच्या हातात शेवटचा पुरावा मीच ठेवते. खोटं बोलले तर तिची बाजू राहते. मी मनाला सांगितलं, हे तिच्यासाठी आहे. मन काय, सांगाल ते ऐकतं.

"मला ताप होता रे," मी म्हटलं. "आले असते तर आत गेलेच असते. माझ्यात आणि तिच्यात कसली आलीय तिथी?"

कोमळा माझ्याकडे बघत होती.

"ऐकलंस?" ती त्याला म्हणाली. "पट्टू आली असती तर अशी परत गेली नसती. तिला बरं नव्हतं त्याला कोण काय करणार? माझं नशीब. जा, मला औषधाच्या दुकानातून ती मलमाची नळी आणून दे."

तो गेला. फाटकाची कडी वाजली.

"अशीच वाजली होती," कोमळा म्हणाली.

मी शेंग खाली ठेवली.

"तू फाटकाला हात लावलास की कडी दोनदा वाजते. एकतीस वर्षं ऐकते आहे मी. मला वाटलं, आली. आता आली. मी म्हटलं, देवा पेरुमाळ, तू पट्टूला पाठवलंस. मग तुझा आवाज ऐकू आला, मग त्या चूडामणीचा. एकेक शब्द. घशातून आवाज निघेना. मी तांब्या आपटला. ती म्हणाली भांडी घासतायत, आणि तू म्हणालीस, दमली असेल."

"कोमळा…"

"मी पुन्हा आपटला. तू तोवर बोळाच्या तोंडाशी गेली असशील. रोज तुला चालायला किती वेळ लागतो, गुडघे धरून! त्या दिवशी बरी भराभर गेलीस."

मी खाली बसले. तिच्या पायांना हात लावला. म्हटलं, मला क्षमा कर. म्हटलं, माझं डोकं फिरलं होतं, कथेच्या नादात होते. म्हटलं, मी इथं राहायला येते, उद्यापासून, तुझ्याच खोलीत चटई टाकते, तुला हवं तिथं बसवते, उठवते. मुलाला सांगते, सुनेला सांगते. मी खरंच आले असते. ते खोटं नव्हतं.

तिनं पाय मागं घेतला नाही. घेता येत नव्हता.

"ऊठ. सौरी येईल," ती म्हणाली. "तुझी अब्रू मी त्याच्यासमोर राखली आहे, आता तू घालवू नकोस."

"मग तू राहशील ना?"

"नाही."

"पण आत्ताच तर त्याला म्हणालीस…"

"तू काय बोलतेस ते मला बघायचं होतं." ती उशीवर टेकली. "चूडामणी आली नाही, आख्खी गल्ली आली नाही, तरी मी इथंच राहिले असते. म्हटलं असतं, जाऊ दे, शेजारी आहेत. तू घरची होतीस. आता तिकडेच बरी. तिथं बघायला पगारी माणसं आहेत. पगारी माणूस पंचांग बघून परत जात नाही."

सौरी मलम घेऊन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "तिकिटं काढ." तो आईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याला वाटलं मी तिची समजूत घातली. त्यानं वाकून मला नमस्कार केला. "मामी, तुमचे उपकार," म्हणाला. मी आशीर्वादाचा हात वर केला. तो कसा केला ते माझं मला माहीत.

निघायच्या दिवशी गल्ली लोटली. कोणी मुरुक्कूच्या चकल्या आणल्या, कोणी कुंकवाची डबी, कोणी प्रवासाला दहीभात. चूडामणी मामी हुंदके देत होत्या. "आम्ही सगळ्या असताना कशाला जाता हो?" कोमळा प्रत्येकीला हात जोडत होती, हसत होती. अंजलैला मात्र तिनं जवळ ओढून घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. अंजलै मोठ्यानं म्हणाली, "येईन की! बसच्या भाड्याचं काय एवढं, दोन दिवस फुलं कमी विकीन." मी सामान गाडीत ठेवलं. औषधं कुठल्या पिशवीत आहेत ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

आता दर गुरुवारी चार वाजता मी वसाहतीत फोन करते. चार ते पाच फोनची वेळ. सेल्वी नावाची मुलगी उचलते. पहिल्या दिवशी तिनं वही काढून नावं वाचली होती. कोमळवल्ली अम्मांनी ज्यांचे फोन जोडायला सांगितलेत त्यांची. मुलगा, सून, अंजलै.

"पट्टम्माळ म्हणून नाव असेल बघ, बाळ," मी म्हटलं. "किंवा नुसतं पट्टू."

"नाही मामी. तीनच आहेत. थांबा, विचारून येते."

ती विचारून आली. "त्या म्हणाल्या, आत्ता नको."

"मग केव्हा करू?"

"ते नाही बोलल्या."

आता ती विचारायला जात नाही, मीही जा म्हणत नाही. चांगली मुलगी आहे. आपण होऊन सांगते. आज दोन इडल्या खाल्ल्या, मामी. आज काठीवर व्हरांड्यापर्यंत गेल्या. आज समोरच्या खोलीतल्या अम्मांशी खूप हसत होत्या.

"कशाला हसत होत्या गं?" मी विचारते.

"ते मला कसं माहीत, मामी?" ती म्हणते. "मी दारातूनच बघितलं."